पुराचा मुक्काम

ऑगस्ट 2019 च्या पहिल्या पंधरवड्यात परळ-लालबागच्या दूधकेंद्रांवर गोकुळच्या पिशव्या येईनाशा झाल्या. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला होता, मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या आणि दूध गोळा करणाऱ्या गाड्या गावापर्यंत पोचत नव्हत्या. गिरणगावातल्या पुष्कळ घरांना मात्र दुधापेक्षा मोठा घोर होता. सातारा, सांगली, कोल्हापूरहून गिरणीत आलेल्यांची तिसरी पिढी आज इथे राहते, पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, गावात चुलत्यांची घरं आहेत. तिकडून फोनवर रोज एकच गोष्ट ऐकू येत होती: पाऊस उघडलाय, पण पाणी हलत नाही.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. इथे पाणी तुंबतं ते काही तासांसाठी. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात, सांगलीच्या कृष्णाकाठी ते आठ-दहा दिवस शेतात उभं राहतं. आणि शेताचं नुकसान पाणी किती चढलं यापेक्षा ते किती दिवस राहिलं यावर ठरतं. बातम्यांमध्ये उंचीचे आकडे येतात, 50 फूट, 55 फूट. मुक्कामाचे दिवस क्वचित येतात. पाण्याचा हा मुक्काम इतका लांबतो कशाने, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

हिंदमाताचं पाणी आणि कृष्णेचं पाणी

सुरुवात ओळखीच्या ठिकाणापासून करू. हिंदमाता हा परळ आणि दादर यांच्यामधला बशीसारखा खोलगट भाग. चारही बाजूंचं पाणी तिथे उतरतं आणि पर्जन्यवाहिन्यांतून समुद्राकडे जातं. भरती मोठी असली की समुद्राची पातळी वाहिनीच्या तोंडाच्या वर जाते, दरवाजे बंद करावे लागतात आणि पाणी तुंबतं. साधारण सहा तासांनी ओहोटी लागते, तोंड मोकळं होतं, पाणी निघून जातं. मधल्या तासांसाठी पंप आहेत, आणि अलीकडे प्रमोद महाजन कलापार्क व सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्याही झाल्या आहेत. या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे: समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो, हे ठरलेलं आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई बुडाली, माणसं गेली, घरं गेली. तरीही बहुतेक भागांतून पाणी दोन-तीन दिवसांत ओसरलं. त्याच पावसाळ्यात, त्याच सुमाराला कृष्णा आणि पंचगंगेलाही महापूर आला होता, आणि तिथली गावं मुंबईतला चिखल उपसून झाल्यावरही पाण्यातच होती. फरक पावसाच्या जोरात नव्हता. कृष्णेच्या पुढे ओहोटीने मागे हटणारा समुद्र नाही. तिला कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जायचं आहे, आणि त्या वाटेतला पहिलाच मोठा टप्पा जवळजवळ सपाट आहे.

पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

शिरोळ तालुक्यात वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. परळमध्ये त्याच्या चौपट पडतो. म्हणजे ज्या तालुक्यात पूर सर्वांत जास्त दिवस मुक्काम करतो, तो मुळात कमी पावसाचा तालुका आहे. जुलैच्या शेवटी तिथे कधी कधी नुसती भुरभुर असते आणि नदी मात्र तासातासाला चढत असते.

हे पाणी घाटमाथ्यावरून येतं. महाबळेश्वर, कोयनेचं खोरं, चांदोली, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. 22 आणि 23 जुलै 2021 च्या दरम्यान एकट्या महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला, म्हणजे शिरोळच्या वर्षभराच्या पावसाहून जास्त. सह्याद्रीची ही धार पुष्कळ ठिकाणी अरुंद आहे. माथ्यावर पडलेल्या पावसाचा पश्चिमेकडचा भाग काही तासांत कोकणातून समुद्राला मिळतो. पूर्वेकडचा भाग कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा यांच्या हवाली होतो.

आता उतार पाहा. कृष्णा महाबळेश्वरला साधारण 1350 मीटर उंचीवर उगम पावते आणि कराडला कोयनेला भेटेपर्यंत सातशे मीटरांहून अधिक खाली उतरते. तिथून पुढे तिची चाल बदलते. सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरांवर आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण भरल्यावरची पाणीपातळी 519.60 मीटर आहे. नदीच्या वाटेने हे अंतर दोनशे किलोमीटरांहून जास्त आहे. म्हणजे तीसेक मीटरांचा उतार दोनशेहून अधिक किलोमीटरांत वाटला गेला. किलोमीटरमागे वीतभरही उतार येत नाही. पाण्याला ओढणारं बळ उतारातून येतं. घाटातून धावत आलेलं पाणी इथे चालायला लागतं, आणि मागून येणारं पाणी धावतच असतं. पुढचं निघण्याआधी मागचं येऊन पोचलं की पाण्याला पसरण्यावाचून वाट उरत नाही. पात्र भरतं, मग काठाची मळीची रानं, मग गावठाणाची वेस.

पूर चढायला दोन-तीन दिवस आणि उतरायला दहा दिवस, हे असं घडतं. पाणी रानात शिरताना नदीच्या जोरावर शिरतं. बाहेर पडताना मागून ढकलणारं कोणी नसतं. ते ओघळींनी, ओढ्यांनी, पाणंदींनी परत पात्रात यायला हवं, आणि पात्रातली पातळी खाली गेल्याशिवाय ते येऊ शकत नाही.

चार नद्या, एकच वाट

शिरोळचा नकाशा समोर ठेवला तर तालुका नद्यांनी विणलेला दिसतो. वारणा सांगलीशेजारी हरिपूरला कृष्णेत येते. पंचगंगा मिळते ती नृसिंहवाडीला, जिला सगळे वाडी म्हणतात. दूधगंगा तालुक्याच्या दक्षिण अंगाने येऊन पुढे कृष्णेत जाते. म्हणजे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या घाटातलं पाणी या एका तालुक्याच्या आसपास गोळा होतं आणि पुढे एका पात्राने कर्नाटकातून जातं.

दोन नद्या मिळतात तिथे मोठ्या नदीची पातळी दुसरीचं भवितव्य ठरवते. कृष्णा चढलेली असेल तर पंचगंगेला आत शिरायला जागा नसते. पंचगंगेचं पाणी संगमावर अडतं, मागे सरकतं, आणि वाडीपासून वर इचलकरंजीच्या दिशेने पात्र फुगत जातं. शिरोळकडे याला फूग म्हणतात. ‘कृष्णेची फूग आहे, पाणी उतरायचं नाही’ हे वाक्य तिथे शाळकरी पोरगंही बोलतं. परळच्या चाळीत राहिलेल्यांना ही गोष्ट लगेच उमगेल: सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या एकाच नळाला जोडलेल्या असतात, आणि वरच्यांनी एकाच वेळी बादल्या ओतल्या की तळमजल्याच्या मोरीतून पाणी उलटं वर येतं. तळमजल्याच्या माणसाने स्वतः थेंबही सांडलेला नसतो. शिरोळ म्हणजे कृष्णा खोऱ्याच्या वरच्या भागाचा तळमजला आहे.

म्हणूनच इथला पूर एका नदीचं माप पाहून समजत नाही. सांगलीत आयर्विन पुलावर पाणीपातळी मोजतात. 1929 साली खुला झालेला हा पूल आज सगळ्या कृष्णाकाठाची मोजपट्टी झाला आहे. तिथे 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2005 साली पाणी 54 फुटांच्या जवळ गेलं होतं, 2019 साली साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास, 2021 साली पुन्हा 55 फुटांजवळ. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. तिथे इशारा 39 फुटांना, धोका 43 फुटांना. 2019 साली तिथे पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोळच्या माणसाला ही दोन्ही मापं एकत्र वाचावी लागतात, कारण कोल्हापूरला पाणी उतरायला लागलं तरी सांगलीचं उतरलं नसेल तर त्याच्या दारातलं हलत नाही.

उतरण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांवर आहे आणि ताशी एक इंच उतरतंय असं धरू. इशारा पातळीच्या खाली यायला 17 फूट, म्हणजे 204 इंच उतरायला हवं. ताशी इंच या हिशेबाने साडेआठ दिवस लागतात, तेही मध्ये पाऊस पडला नाही आणि वरून एकाही धरणाने दार उघडलं नाही तर.

धरणांचं गणित

पुराच्या काळात दोन शब्द सारखे कानावर येतात: टीएमसी आणि क्युसेक. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. हे साठ्याचं माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. हे वाहण्याचं माप. दोन्ही जोडणारा आकडा लक्षात ठेवला की बातमी नीट वाचता येते: 11,574 क्युसेकने 24 तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग सुरू आहे, याचा अर्थ दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी खाली येत आहे. राधानगरीचं अख्खं धरण साधारण 8.36 टीएमसीचं आहे. म्हणजे एका दिवसात एका राधानगरीएवढं पाणी.

कोयना 105.25 टीएमसीचं, वारणा म्हणजे चांदोली 34.40 टीएमसीचं, काळम्मावाडीचं दूधगंगा धरण 25 टीएमसीच्या वरचं. ही धरणं बांधली ती सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी. पावसाळा संपताना ती भरलेली असावीत, यावर पुढच्या आठ महिन्यांची शेती आणि वीज अवलंबून असते. पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी असावी लागते. पाणी साठवणं आणि पूर झेलणं या दोन गरजा एकाच भिंतीआड राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकमेकींच्या आड येतात.

2019 साली ते स्पष्ट दिसलं. जूनमध्ये पाऊस रुसला होता, धरणं तळाला होती, सगळे आकाशाकडे डोळे लावून बसले होते. जुलैच्या उत्तरार्धात पावसाने जोर धरला, धरणं भराभर भरली, आणि ती भरत आली असताना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर न थांबता पाऊस कोसळला. रिकामी जागा हवी होती तेव्हाच ती संपली होती. धरणाच्या सुरक्षेसाठी येईल तेवढं पाणी सोडणं भाग झालं. त्यात धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस वेगळा. त्याच्यावर कोणत्याच दरवाजाचा ताबा नसतो. राधानगरीचे दरवाजे तर स्वयंचलित आहेत, पातळी वाढली की आपोआप उघडतात.

कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला साधारण एक दिवस लागतो. या एका दिवसात फार मोठी संधी आहे. वारणेचं, कोयनेचं आणि पंचगंगेच्या खोऱ्यातलं पाणी संगमावर एकाच वेळी पोचलं तर पातळी चढते. पुढेमागे पोचलं तर तेवढंच पाणी कमी उंचीने निघून जातं. पण त्यासाठी सगळ्या धरणांच्या विसर्गाचा निर्णय एका टेबलावर, पुढच्या तीन-चार दिवसांचा पावसाचा अंदाज समोर ठेवून व्हायला हवा.

अलमट्टीचा प्रश्नही याच गणितात येतो. 123 टीएमसीचं हे धरण भरलेलं असलं की त्याचा फुगवटा नदीत मागे पसरतो. तो महाराष्ट्रातल्या पुराला किती जबाबदार, यावर वाद आहे. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2020 साली आलेल्या तिच्या अहवालाने अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. कृष्णाकाठच्या पूरग्रस्तांच्या संघटनांना हा निष्कर्ष मान्य नाही. दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 साली अलमट्टीची पातळी 524.256 मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, आणि 2025 साली महाराष्ट्र सरकारने या उंचीवाढीला उघड विरोध नोंदवला. वाद कुठेही जावो, इतक्या सपाट नदीवर खालच्या धरणाने पावसाळ्याच्या मध्यावर किती पाणी ठेवावं आणि दारं कधी उघडावीत, हा वरच्या गावांच्या जगण्याचा प्रश्न आहे. जून 2021 मध्ये दोन्ही राज्यांचे मंत्री बंगळुरात बसले आणि विसर्गाची माहिती एकमेकांना वेळेवर द्यायचं ठरलं. असा समन्वय माणसांच्या सौहार्दावर न सोडता कायमच्या नियमात बांधला पाहिजे.

पाणी अडतं कुठे

धरणं सोडली तरी वाटेत अडथळे आहेत, आणि ते आपणच उभे केले आहेत. सगळ्यात ठळक म्हणजे रस्त्यांचे भराव. नदीवर पूल बांधताना पात्रापुरत्या कमानी ठेवल्या जातात आणि दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव टाकून रस्ता पुलापर्यंत नेला जातो. उन्हाळ्यात हे ठीक दिसतं. पुरात नदी पात्रापुरती राहत नाही, एकेक किलोमीटर रुंद होते. त्या रुंदीतलं पाणी भरावाला येऊन थडकतं आणि पुलाच्या अरुंद तोंडातून निघण्यासाठी तुंबतं. भरावाच्या वरच्या अंगाला पाणी जास्त चढतं आणि जास्त दिवस राहतं. भराव काढून तिथे कमानी पूल बांधा, ही कोल्हापूर-शिरोळकडची जुनी मागणी त्यामुळेच आहे.

दुसरं, बंधारे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडवायला बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याआधी ते काढतात. काढायला उशीर झाला, किंवा गाळ, झाडांचे ओंडके, जलपर्णी अडकली, की बंधारा आडवा येतो. तिसरं, ओढे. रानातलं पाणी नदीला परत नेणारे लहान ओढे पुष्कळ ठिकाणी बुजले, वळवले गेले किंवा त्यांच्यावर बांध पडले. मोठ्या पुरात ओढा आठवत नाही, पण पाणी उतरताना तोच शेताचा एकमेव निचरा असतो. ओढा जिवंत असेल तर शेत नदीपाठोपाठ दोन दिवसांत मोकळं होतं. नसेल तर नदी पात्रात गेल्यावरही आठवडाभर गुडघाभर पाणी राहतं.

चौथं, शहरांची वाढ. पूररेषा दोन असतात: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. 25 वर्षांतून एकदा, याचा अर्थ एकदा आला की 25 वर्षं निश्चिंती, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते, आणि कोणत्याही 25 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 64 टक्के. शिवाय हे आकडे जुन्या पावसावरून काढलेले असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. नदीला लागणारी जागा वाढत असताना आपण ती कमी करत आलो आहोत.

शेतात दिवसागणिक काय होतं

आता मुक्कामाचा खरा अर्थ. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि मुळं त्यावर श्वास घेतात. पाण्याने पोकळी भरली की उरलासुरला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. सोयाबीन आणि भुईमुगाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळेपणा येतो, मुळं काळी पडतात. भाजीपाला त्याआधीच जातो. कृष्णाकाठच्या वांग्याचं झाड पानं खाली सोडून देतं. हळदीचे गड्डे जमिनीत कुजायला लागतात. म्हणजे पाणी चार दिवसांत गेलं काय आणि दहा दिवसांनी गेलं काय, या पिकांचा निकाल सारखाच. चोवीस-छत्तीस तासांत गेलं तर मात्र पीक वाचू शकतं.

उसाचं वेगळं आहे. ऊस कमरेएवढ्या पाण्यात आठवडाभरही तग धरतो. पाण्याखालच्या कांड्यांवर नव्या मुळ्या फुटतात. त्याचा जीव असतो शेंड्यात. पानांच्या गुंडाळीत, ज्याला पोंगा म्हणतात, वाढीचा कोंब असतो. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस वाचतो. पूर उतरल्यावर शेतकरी आधी रानाच्या कडेचा एक ऊस वाकवून शेंडा हातात घेतो. वरची पानं गाळाने राखाडी झालेली असतात. पोंगा दोन बोटांत धरून ओढला आणि तो सहज निसटून हातात आला, बुडाशी मऊ, तपकिरी, घाण वास येणारा, की त्या उसाची वाढ संपली. घट्ट बसला असेल तर आशा आहे. अख्ख्या हंगामाचा हिशेब त्या एका ओढीत कळतो. मेलेल्या शेंड्याचा ऊस दिसायला हिरवा राहतो, पण बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, त्या कांड्यातली साखर खातात, आणि गळीत हंगामात वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात.

वर्षभरापूर्वी लावलेला आडसाली ऊस उंच असतो, तो बऱ्याचदा निभावतो. खोडवा आणि त्याच पावसाळ्यातली नवी लावण आधी जाते. पुराची उंची सारखी असली तरी सात दिवसांच्या पुरात आणि तीन दिवसांच्या पुरात एकाच शिवारातला निकाल वेगळा लागतो.

पाणी गेल्यावरही नुकसान चालूच राहतं. ऑक्सिजन नसलेल्या मातीतले जिवाणू नत्राचं वायूत रूपांतर करतात. पेरणीला टाकलेलं खत हवेत जातं. वर बसलेला बारीक गाळ वाळून पापुद्रा धरतो. काठच्या विहिरींवरच्या मोटारी वेळेत काढल्या नसतील तर त्या जळतात, आणि एका मोटारीवर अनेकांचं पाणी असतं. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरताना पडतात. भिजून त्यांचं बळ गेलेलं असतं आणि बाहेरून टेकू देणारं पाणीही निघून जातं. म्हणून पूर ओसरल्यावर घरात लगेच झोपू नये, हे जुने लोक आवर्जून सांगतात.

शिरोळच्या काळ्या, चिकण जमिनीत आणखी एक दुखणं आहे. ज्या सपाटीमुळे पूर मुक्काम करतो, तिच्यामुळेच जमिनीखालचं पाणीही निघत नाही. बारमाही उसाला पाणी दिल्याने भूजल वर आलं, क्षार वर आले आणि हजारो एकर रान क्षारपड झालं. प्रत्येक लांबलेला पूर त्यात भर घालतो. यावर तालुक्यातच उत्तर शोधलं गेलं, हे सांगायला अभिमान वाटतो: शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र आणून जमिनीखाली सच्छिद्र पाइपांची निचरा योजना राबवली, आणि पांढऱ्या पडलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलं. एकट्याच्या बांधापुरता निचरा होत नाही. शेजाऱ्याच्या रानातून वाट मिळाली तरच पाणी जातं. पुराच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे.

मुक्काम कमी करायचा तर

घाटमाथ्यावरचा पाऊस आपल्या हातात नाही. मोठ्या पुराची उंची थोडीफारच कमी करता येईल. दिवस मात्र कमी करता येतात, आणि शेतीसाठी दिवसच महत्त्वाचे आहेत.

त्यासाठीची कामं वर आली आहेतच. ती दिवसांच्या हिशेबाने लावली पाहिजेत. भराव जिथे पाणी अडवतात तिथे कमानी. बंधाऱ्यांचे बरगे मेअखेर बाहेर. ओढ्यांची मोजणी आणि मोकळीक, जी ग्रामपंचायतीला पावसाळ्याआधी स्वतः करता येते. धरणांच्या विसर्गाचं खोऱ्याला एकच वेळापत्रक, ज्यात कर्नाटकही बांधील असेल. कृष्णेच्या पुराचं पाणी पूर्वेकडच्या दुष्काळी भागांत वळवण्याची योजना राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतली आहे. तिचा कस लागेल तो पुराच्या ऐन दिवसांत ती दिवसाला किती टीएमसी उचलू शकते यावर, आणि तो आकडा लोकांसमोर असायला हवा.

इशाराही बदलायला हवा. 2019 साली अनेक गावांत लोक घरातच थांबले, कारण 2005 चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर येणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. रस्ते तुटल्यावर होड्यांशिवाय पर्याय उरला नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. पातळी किती फुटांवर जाईल यासोबत गावाचा रस्ता कधी तुटेल आणि किती दिवस तुटलेला राहील हे आधी कळलं, तर माणूस जनावरं आणि वैरण घेऊन वेळेत निघतो. दोन दिवसांची वैरण आणि दहा दिवसांची वैरण यांची तयारी वेगळी असते.

नुकसानीच्या मोजमापातही दिवस यायला हवेत. शासकीय मदत हेक्टरी ठरते आणि 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या पिकाला मिळते. पंचनामा पाणी उतरल्यावर थोड्या दिवसांत होतो, तेव्हा शेंडा मेलेला ऊस हिरवाच दिसतो. खरं नुकसान कारखान्याच्या वजनकाट्यावर कळतं, तेव्हा पंचनामा संपलेला असतो. कोणत्या गटात पाणी किती दिवस उभं होतं हे उपग्रहाच्या चित्रांवरून आज काढता येतं. ती नोंद पंचनाम्याला जोडली तर शेतकऱ्याला आपलं नुकसान हात जोडून सिद्ध करावं लागणार नाही.

आणि हे सगळं मुंबईच्या कामाचं आहे. परळ-लालबागची मंडळं 2019 साली पूरग्रस्तांसाठी धावली. धान्य, कपडे, औषधं घेऊन गाड्या गेल्या. त्या मदतीचं मोल मोठं आहे. पण ती पोचते पाणी उतरल्यावर. पाणी चढण्याआधीची कामं मंत्रालयात, जलसंपदा विभागात आणि रस्त्यांच्या निविदांमध्ये ठरतात, म्हणजे इथे, आपल्या शहरात. ज्यांची नावं शिरोळ, पलूस, वाळवा, करवीरच्या सातबाऱ्यांवर आहेत आणि मतं परळमध्ये आहेत, त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला कृष्णाकाठच्या प्रत्येक नव्या पुलाबद्दल, रस्त्याबद्दल, धरणाच्या नियमाबद्दल एकच प्रश्न लावून धरावा: यामुळे पाण्याचा मुक्काम किती तासांनी कमी होणार, की वाढणार? उत्तर आकड्यात मागावं. सोयाबीन छत्तीस तास तग धरतं, ऊस आठवडाभर. कोणतं पीक वाचलं असतं, हे त्या आकड्यावरून सांगता येतं.